शस्त्रक्रियेआधी एसडीआय आणि रजा : माझी एक महागडी गैरसमजूत

तुमचा प्रश्न वाचला. गर्भाशयातील गाठींसाठी पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया, त्यानंतर सहा आठवडे विश्रांती, सनीव्हेलच्या कंपनीत जेमतेम अकरा महिने झालेले, त्याआधीची नोकरीही कॅलिफोर्नियातच, सॅन दिएगोत, एच-१बी व्हिसा, आणि एचआरकडून आलेली एकच ओळ : ‘डिसॅबिलिटीसाठी अर्ज करा, बाकीचे आम्ही पाहतो.’ जवळजवळ हीच ओळ मला २०२५ मध्ये मिळाली होती आणि तिच्यावर विसंबून मी बसले होते, म्हणून एवढे सविस्तर लिहिते आहे. मी वकील नाही. कॅलिफोर्नियापुरता माझा अनुभव आणि त्यानिमित्ताने झालेले वाचन एवढीच माझी शिदोरी आहे.

‘डिसॅबिलिटी’ म्हणजे एसडीआय, आजारपणात काम थांबले की पगाराचा काही भाग देणारा कॅलिफोर्निया राज्याचा विमा; तो ईडीडी हे राज्याचे रोजगार कार्यालय चालवते. पगाराच्या स्लिपवरची एसडीआयची कपात, ईडीडीचे खाते उघडणे वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल, ते सोडून देते. त्या ओळीत मात्र दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधलेली आहे. एसडीआय तुम्हाला पैसे देते, पण नोकरी राखून ठेवत नाही. नोकरी राखण्याचे काम एफएमएलए हा केंद्राचा आणि सीएफआरए हा राज्याचा कायदा करतो, आणि ती रजा कंपनीकडे स्वतंत्रपणे मागावी लागते. पैशांचा अर्ज मंजूर झाला म्हणजे रजाही मंजूर झाली, असे नव्हे. उलटेही खरे आहे, आणि माझा पाय नेमका तिथेच घसरला.

कमरेच्या मणक्यातील सरकलेल्या गादीची माझी शस्त्रक्रिया ११ मार्चला होती. कंपनीच्या रजेसाठी डॉक्टरांनी भरायचा फॉर्म मी फेब्रुवारीतच रुग्णालयाच्या फॉर्म भरून देणाऱ्या विभागाकडे सोपवला. मार्चच्या सुरुवातीला ‘फॉर्म पूर्ण’ असा संदेश आला आणि डॉक्टरांकडचे काम संपले, असे मी धरून चालले. २० मार्चला ईडीडीच्या संकेतस्थळावर माझा भाग भरला आणि पैशांची वाट पाहू लागले. ईडीडीसाठीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र पूर्ण वेगळे असते, आणि ते ऑनलाइन भरताना डॉक्टरांना आपल्या अर्जाचा पावती क्रमांक लागतो. तो क्रमांक अर्ज दाखल झाल्यावरच मिळतो, आणि अर्ज काम थांबल्यापासून ९ दिवस उलटल्याशिवाय करता येत नाही. म्हणजे फेब्रुवारीत दिलेल्या कागदातून ते प्रमाणपत्र भरले जाणे शक्यच नव्हते. हे मला कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

एप्रिलमध्ये रुग्णालयाच्या त्या विभागाला मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा ‘तुमचा डिसॅबिलिटीचा फॉर्म पूर्ण झालेला आहे’ हेच उत्तर मिळाले. २२ एप्रिलला, गुडघ्यांखाली उशी घेऊन पाठीवर पडल्या पडल्या, फोन छातीवर स्पीकरवर ठेवून चाळीस मिनिटे तीच धून ऐकल्यानंतर जी बाई फोनवर आली, तिला मी म्हटले की समोर जो फॉर्म दिसतो आहे, त्याची पहिली ओळ मला वाचून दाखवा. तिने माझ्या कंपनीचे नाव वाचले. त्या विभागात रजेचा कागद असो, खासगी विम्याचा असो वा ईडीडीचा, सगळ्यांना ‘डिसॅबिलिटीचा फॉर्म’ असेच म्हणत होते. तो माझा ४४वा दिवस होता, आणि अर्ज व डॉक्टरांचे प्रमाणपत्र ईडीडीकडे पोहोचण्याची मुदत ४९ दिवसांची असते. शेवटी नवऱ्याने पावती क्रमांक मोठ्या अक्षरात छापला, स्वतः जाऊन सर्जनच्या सहायिकेच्या हातात दिला, तेव्हा दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र भरले गेले. पैसे मे महिन्यात आले. तोवरची दोन भाडी बचतीतून गेली. त्या विभागावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, पण तो इथे काढून तुमचा उपयोग नाही.

आता तुमच्याविषयी, कारण तुमची अडचण माझ्याहून नाजूक आहे. ५ किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या कंपनीला सीएफआरए लागू होतो आणि १२ आठवड्यांपर्यंत नोकरी राखतो. परंतु रजा सुरू होईल त्या दिवशी त्या कंपनीत १२ महिने आणि मागच्या १२ महिन्यांत १,२५० तास काम झालेले असावे लागते. अकरा महिन्यांवर तुम्ही काठावर आहात. शस्त्रक्रिया दोन-तीन आठवड्यांनी पुढे गेली तर प्रकृतीला काही धोका आहे का, एवढे डॉक्टरांना सरळ विचारा. रक्तस्राव वाढत असेल तर मात्र कायद्यासाठी थांबू नका. अशा वेळी राज्याच्या भेदभावविरोधी कायद्याखाली काही काळाची रजा ही सवलत म्हणून लेखी मागता येते, आणि त्या पत्राआधी वकिलाचा एक तास विकत घेतलेला परवडतो. आजारपणाच्या बिनपगारी रजेमुळे एच-१बी मोडत नाही, पण नोकरीच गेली तर या देशात राहायला हाती जास्तीत जास्त ६० दिवस उरतात, म्हणून तुमच्या बाबतीत पैशांपेक्षा रजेचा कागद मोठा आहे. तारीख ठरलेली असल्यास ३० दिवस आधी लेखी कळवा. फोनवरच्या ‘हो’ला मी आता शून्य किंमत देते.

पैशांच्या बाजूने तुम्हाला चिंता नसावी. एसडीआय या कंपनीतील अकरा महिने पाहत नाही; अर्जाच्या साधारण ५ ते १८ महिने आधीच्या एका वर्षातील कॅलिफोर्नियातला पगार पाहते, त्यामुळे सॅन दिएगोचे महिने धरले जातील. रक्कम पगाराच्या ७० ते ९० टक्के असते, पण २०२५ मध्ये आठवड्याची कमाल मर्यादा १,६८१ डॉलर होती, म्हणजे वर्षाला सुमारे सव्वा लाख डॉलरच्या वर पगार असणाऱ्याला ७० टक्केसुद्धा मिळत नव्हते. ही मर्यादा दर जानेवारीत बदलते. या पैशांवर सहसा आयकर लागत नाही. काही कंपन्या एसडीआयऐवजी स्वतःची मान्यताप्राप्त योजना चालवतात. तसे असेल तर अर्ज ईडीडीकडे करायचाच नसतो, हे आधी विचारून घ्या.

पहिल्या ७ दिवसांचे पैसे ईडीडी देत नाही. आजारपणाची पगारी रजा तिथेच खर्च करा, कारण पुढे एसडीआयच्या दिवसांसाठी ती पूर्ण पगाराने लावली तर एसडीआय मिळत नाही, आणि चुकून मिळाले तर परत मागतात. सुट्टीची पगारी रजा मात्र एसडीआयला बाध आणत नाही. पगार बंद असताना आरोग्य विम्याचा आपला हिस्सा पगारातून कापला जात नाही, तो कसा भरायचा हेही लिहून घ्या.

थोडे विषयाला सोडून, पण उपयोगी : शुश्रूषेसाठी नवऱ्याला पेड फॅमिली लीव्ह या राज्याच्याच योजनेखाली १२ महिन्यांत ८ आठवड्यांपर्यंत पैसे मिळू शकतात, आणि त्याला ७ दिवसांची वाट नसते. तुमची आई नाशिकहून येणार असे लिहिले आहे, तिच्या भरवशावर हा अर्ज टाळू नका. तिला या देशात गाडी चालवता येत नाही आणि टाके तपासायला तुम्हाला कोणीतरी न्यावे लागेलच.

अर्ज दाखल झाला की पावती क्रमांक त्याच दिवशी सर्जनच्या कार्यालयाला पाठवा, आणि आठवड्याने फोन करून ‘फॉर्म झाला का’ असे न विचारता ‘ईडीडीचा, या क्रमांकाचा, कोणत्या तारखेला पाठवला’ असे विचारा. डॉक्टर लिहितील ती सुरुवातीची तारीख आणि तुम्ही लिहिलेली तारीख एकच आहे ना, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. माझ्या प्रमाणपत्रात शस्त्रक्रियेचा दिवस पडला होता आणि मी मात्र एक दिवस आधीपासून घरी होते; त्या एका दिवसासाठी आणखी एक पत्र द्यावे लागले.