अल्बमच्या आधी बक्षिसं!

प्रश्न: माझ्या मुलीने घरात 'द लास्ट डिनर पार्टी' या लंडनच्या बँडचं खूळ आणलंय. मी लेड झेपलिन आणि पिंक फ्लॉइडवर वाढलेला माणूस. चौकशी केली तर कळलं, की एकही गाणं प्रसिद्ध झालेलं नसताना ही मंडळी रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात वाजवून आली, आणि पहिला अल्बम यायच्या आधी ब्रिट (ब्रिटनचे वार्षिक संगीत-पुरस्कार) आणि बीबीसी अशी दोन्हीकडची बक्षिसं घेऊन मोकळी झाली. वर ते झालरीचे झगे! मला हा सरळसरळ कंपनीने घडवलेला माल वाटतो. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही गाणी ऐकलीच नाहीत." निवाडा करा.
– कन्येशी रोज हरणारा एक बाप

उत्तर: निवाडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे घरातली शांतता लवकर परत येईल. मुलगी बरोबर आहे. पण तुमच्या संशयातला एक तुकडा मी फेकून देणार नाही, तो खरा आहे.

आधी तुमच्याच झेपलिनबद्दल बोलू. १९६८च्या सप्टेंबरात ते चौघे पहिल्यांदा लोकांसमोर वाजले, तेही 'न्यू यार्डबर्ड्स' या उसन्या नावाने. त्याच नोव्हेंबरात अटलांटिक कंपनीने त्यांच्याशी करार केला. आगाऊ रकमेचा आकडा दोन लाख डॉलरच्या घरातला सांगतात, आणि नव्या बँडसाठी तो तेव्हा डोळे विस्फारायला लावणारा होता. अल्बम बाजारात यायचा होता. १९६९मध्ये तो आला तेव्हा 'रोलिंग स्टोन' मासिकाने त्याची सालटी काढली. नुसता गाजावाजा, पैशाच्या जोरावर वर आणलेला बँड, हे आरोप तेव्हा त्यांच्यावरही झाले. म्हणजे तुम्ही आज जे म्हणताय ते त्या काळी कुणाचा तरी बाप तुमच्या झेपलिनबद्दल म्हणत होता.

आता या पाच जणांचा क्रम बघा. २०२१च्या अखेरीस त्यांनी लहानसहान जागांमध्ये वाजवायला सुरुवात केली. त्यातली एक जागा म्हणजे दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनचा 'विंडमिल' हा पब. जेमतेम दीडशे माणसं मावतात, आणि त्याच्या छपरावर राहणारा कुत्रा हा तिथल्या बँडवाल्यांइतकाच प्रसिद्ध. ब्लॅक मिडी, स्क्विड, ब्लॅक कंट्री न्यू रोड ही सगळी मंडळी याच जागेतून वर आली. तिथे एक हौशी माणूस कार्यक्रमांचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकत असे. त्यात हा बँड दिसला, त्यावरून व्यवस्थापक मिळाले, मग आयलंड रेकॉर्ड्स ही मोठी कंपनी आली. २०२२च्या उन्हाळ्यात लंडनच्या हाइड पार्कमध्ये, रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमाच्या दिवशी वाजवायची संधी मिळाली. पहिलं गाणं 'नथिंग मॅटर्स' एप्रिल २०२३मध्ये आलं, पहिला अल्बम 'प्रील्यूड टू एक्स्टसी' २ फेब्रुवारी २०२४ला, आणि तो ब्रिटनच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

यात वेग आहे हे मान्य. पण कारस्थान कुठे आहे? कंपनीने पैसा ओतला, चांगले व्यवस्थापक दिले, मोठ्या बँडच्या आधी उभं केलं. कंपन्या दुसरं करतात तरी काय? ज्याला हल्ली 'इंडस्ट्री प्लांट' म्हणतात, म्हणजे बाहेरून रोप आणून लावलेलं आणि आपोआप उगवलं म्हणून खपवलेलं, त्यात गाणी दुसऱ्याने लिहिलेली असतात, वादक भाड्याचे असतात. इथे गाणी बँडची आहेत. तबल्या-डग्ग्याचा हिशेब मात्र वेगळा: ड्रम्स वाजवणारी व्यक्ती बँडची सदस्य नाही, ती सोबतीला असते. पण तेवढ्यावरून बँड खोटा ठरत असेल तर निम्मा रॉक निकालात निघेल.

मग तुमचा खरा मुद्दा कोणता? बक्षिसांचा. डिसेंबर २०२३मध्ये 'ब्रिट रायझिंग स्टार' जाहीर झालं, जानेवारीत बीबीसीच्या 'साउंड ऑफ २०२४' या होतकरू नव्या कलावंतांच्या यादीत पहिला क्रमांक. अल्बम फेब्रुवारीत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात हे ठीक, पण पाळण्यातले पाय बघून धावण्याच्या शर्यतीचं पदक गळ्यात घालायचं? ही दोन्ही बक्षिसं म्हणजे अंदाज असतात, आणि अंदाज कसे असतात ते बघा. २००८मध्ये दोन्ही अडेलला मिळाली, त्यावर बोलायची गरज नाही. २०१६मध्ये दोन्ही जॅक गॅरटला मिळाली. गुणी माणूस, पण त्या अपेक्षांच्या ओझ्याखाली पुरता दबला, आणि दुसरा अल्बम यायला २०२० उजाडलं. बीबीसीच्या २००५च्या यादीत पहिला क्रमांक अमेरिकेच्या 'द ब्रेव्हरी'चा होता. ब्लॉक पार्टी दुसरे, कायझर चीफ्स चौथे. आज यातलं कुणाचं गाणं तुम्हाला गुणगुणता येतं ते स्वतःलाच विचारा.

हे ब्रिटिश संगीत-पत्रकारितेचं जुनंच दुखणं आहे. 'मेलडी मेकर' साप्ताहिकाने एप्रिल १९९२मध्ये मुखपृष्ठावर 'स्वेड'ला ब्रिटनमधला सर्वोत्तम नवा बँड ठरवून टाकलं. पहिलं गाणं अजून यायचं होतं! पुढच्या वर्षी अल्बम आला, पहिल्या क्रमांकावर गेला, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीचं मर्क्युरी पारितोषिकही मिळालं. तुक्का लागला. थोड्याच वर्षांनी याच पत्रकारांनी 'मेन्सवेअर' नावाच्या बँडला पहिल्या गाण्याच्या आधीच असं डोक्यावर घेतलं, आणि त्यांचा दुसरा अल्बम शेवटी फक्त जपानमध्ये निघाला. गाजावाजा करणारे तेच, उत्साह तोच. म्हणून मी गाजावाज्याला पुरावा मानत नाही. बाजूचाही नाही आणि विरुद्धही नाही. तुम्ही तो विरुद्धचा पुरावा मानताय, एवढीच तुमची चूक.

तर गाणी. मी बरीच वर्षं बास गिटार वाजवली आहे, त्यामुळे माझा कान आधी तळाशी जातो. 'नथिंग मॅटर्स' हेडफोनवर ऐका. कडवी अगदी सभ्य, जवळजवळ जुन्या वळणाची. मग ध्रुपदात ती प्रसिद्ध शिवी येते (रेडिओवर गाळतात), आणि ती इतक्या गोड सुरावर बसवली आहे की शिवी वाटतच नाही. जॉर्जिया डेव्हिसचा बास तिथे नुसता टेका देत नाही, तो गाण्याला पुढे ढकलतो. मग एमिली रॉबर्ट्सचा गिटारचा तुकडा. हा तुकडा गाता येतो, आणि माझ्या लेखी गिटारच्या तुकड्याची तीच परीक्षा. 'सीझर ऑन अ टीव्ही स्क्रीन' तर मध्येच चाल बदलतं, रेंगाळत सुरू होतं आणि एकाएकी घोडा फेकल्यासारखं धावतं. अशी वळणं घेताना नवे बँड हमखास अडखळतात. हा अडखळत नाही. आणि 'बर्न अलाइव्ह'मध्ये अबिगेल मॉरिसचा आवाज खालच्या पट्टीत सुरू होऊन जिथे पोचतो, ते कुठल्याही कंपनीला विकत घेता येत नाही.

तक्रारीही आहेत. अल्बमला कपडे फार चढवलेत. निर्माता जेम्स फोर्ड, आर्क्टिक मंकीजसोबत वर्षानुवर्षं काम केलेला कसलेला माणूस, पण इथे व्हायोलिनं, पितळी वाद्यं, कोरस यांचे थर इतके की उत्तरार्धात कान दमतो. 'पोर्ट्रेट ऑफ अ डेड गर्ल' संपायचं नाव घेत नाही. मेणबत्त्या, पाप, संत, रक्त हा शब्दांचा साठा सगळ्या गाण्यांत पुरवून पुरवून वापरलाय. 'माय लेडी ऑफ मर्सी'त तो शोभतो, कारण गिटार तिथे खरोखर अंगावर येते. सगळीकडे शोभत नाही. बारापैकी सहा गाणी मी पुन्हा पुन्हा ऐकतो. पहिल्या अल्बमसाठी हे प्रमाण उत्तम आहे, पण 'युगप्रवर्तक' वगैरे विशेषणं त्यात बसत नाहीत.

आणि आकड्यांचंही भान असू द्या. त्यांच्या अल्बमची पहिल्या आठवड्याची विक्री सुमारे ३३ हजार होती. जानेवारी २००६मध्ये शेफील्डच्या आर्क्टिक मंकीजच्या पहिल्या अल्बमने त्याच मुदतीत ३,६३,७३५ प्रती खपवल्या. काळ बदलला, लोक अल्बम विकत घेत नाहीत, सगळं खरं. तरीही ज्याला आपण आज गाजावाजा म्हणतोय तो त्या मानाने घरगुती आहे. गंमत म्हणजे मंकीजच्या पहिल्या गाजलेल्या गाण्याच्या व्हिडिओत त्यांचा गायक अलेक्स टर्नर सुरुवातीलाच सांगतो, की गाजावाज्यावर विश्वास ठेवू नका. लोकांनी ते ऐकलं नाही, ते बरंच झालं.

प्रश्न: कॉलेजात सगळे म्हणतात, लास्ट डिनर पार्टी म्हणजे महागड्या शाळांतून आलेली मंडळी, यांना रॉक काय कळणार? पुरुषांचा बँड असता तर हाच प्रश्न विचारला असता का?
– चिडलेली चाहती

उत्तर: चिडण्यासारखंच आहे. रेडिओहेड या बँडचे पाचही जण अ‍ॅबिंग्डनच्या खासगी शाळेत भेटले. जेनेसिस या बँडचा जन्म चार्टरहाऊस या खासगी शाळेत झाला. पंक म्हणजे कामगारांचा आवाज असं ज्याच्याकडे बघून लोक म्हणतात, तो 'द क्लॅश' या बँडचा गायक 'जो स्ट्रमर' परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, वसतिगृहाच्या शाळेत शिकलेला. त्यांच्या गिटारी कुणी तपासल्या नाहीत.

झग्यांचंही तेच. डेव्हिड बोवी या गायकाने केस लाल केले की तो कलावंत, आणि इथे कॉर्सेट घातली की माल. त्यांच्या कार्यक्रमांना प्रेक्षकही ठरलेल्या संकल्पनेप्रमाणे नटून येतात. मला त्यात गैर काही दिसत नाही. मी स्वतः काळ्या टी-शर्टात जाईन, तो भाग वेगळा.

पण कॉलेजातल्या मित्रांना पूर्ण हाकलूनही देऊ नकोस. ब्रिटनमध्ये जेमतेम ७ टक्के मुलं खासगी शाळांत जातात, आणि पहिली दोन-तीन वर्षं पैसे न मिळवता वाजवत राहणं ज्यांना परवडतं त्यांत या मुलांचा वाटा मोठा असणारच. त्यातच तिथल्या छोट्या जागा भराभर बंद पडताहेत. २०२३ या एका वर्षात १२५ ठिकाणी कार्यक्रम थांबले, असं अशा जागांसाठी काम करणाऱ्या 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट'ने सांगितलं. विंडमिलसारखी जागा नसेल तर विंडमिलवाला बँड कुठून येणार? हा राग खरा आहे, फक्त तो चुकीच्या पाच जणांवर निघतोय.

प्रश्न: २०२४चं मर्क्युरी 'इंग्लिश टीचर'ला देऊन लास्ट डिनर पार्टीवर अन्याय झाला, हे तुम्हाला पटतं का?
– न्यायप्रिय

उत्तर: अजिबात नाही. इंग्लिश टीचर हा लीड्सचा बँड, आणि दहा वर्षांत लंडनबाहेर गेलेलं ते पहिलं मर्क्युरी. 'धिस कुड बी टेक्सस' हा अल्बम कमी नटलेला आणि जास्त विचित्र आहे. लिली फॉन्टेन गाते की बोलते हे कळायच्या आत गाणं दुसरीकडे गेलेलं असतं. मी परीक्षक असतो तर मीही तिकडेच मत दिलं असतं.

आता एक गोष्ट वरच्या वडिलांसाठी. इंग्लिश टीचरचीही कंपनी आयलंडच. तीच कंपनी, तेच वर्ष, तसाच नवा बँड. पण 'प्लांट' हा शिक्का बसला तो एकट्या लास्ट डिनर पार्टीवर. मग शिक्का नक्की कशावर मारला जातोय, कंपनीवर की झालरीवर?

प्रश्न: सगळीकडून एवढं कौतुक झाल्यावर बँडचं नुकसान होतं का?
– एक ड्रमर

उत्तर: होतं, आणि शरीराचं आधी होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये लास्ट डिनर पार्टीने थकव्याचं कारण देऊन दौऱ्याचे उरलेले कार्यक्रम रद्द केले. सलग वाजवत होते. तुम्ही ड्रमर आहात, तुम्हाला वेगळं काय सांगू? बक्षीस देणारे मनगटाला बर्फ लावायला येत नाहीत.

प्रश्न: मी लास्ट डिनर पार्टीचं एकही गाणं ऐकलेलं नाही. कुठून सुरुवात करू? दुसरा अल्बम ऐकण्यासारखा आहे का?
– कोरी पाटी

उत्तर: 'नथिंग मॅटर्स'ने सुरू करू नका, ते तुम्हाला कुणीतरी ऐकवणारच आहे. आधी 'सीझर', मग 'सिनर', मग 'ग्यूहा'. हे शेवटचं अल्बेनियन भाषेतलं, कीबोर्ड वाजवणाऱ्या ऑरोरा निशेव्हचीचं, छोटंसं. अल्बमभर चाललेल्या थाटामाटात तेवढंच एक साधं उभं आहे.

दुसरा अल्बम 'फ्रॉम द पायर' ऑक्टोबर २०२५मध्ये आला. निर्माता बदलला, मार्कस ड्रॅव्हस आले. दहाच गाणी आहेत, आणि मला तो पहिल्यापेक्षा आवडतो, कारण वाद्यांना मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवली आहे. 'द साइद' दोनदा ऐका. बास ऐकू येतो.