आईचे तोंड सतत चघळल्यासारखे हलते. गोळ्या बंद कराव्यात का?

तुम्ही लिहिले आहे की, स्किझोफ्रेनियासाठी आईला अनेक वर्षे हॅलोपेरिडॉल चालू आहे, आजार आटोक्यात आहे, पण अलीकडे तोंडात काही नसतानाही ती चघळत असल्यासारखी दिसते. कृपया गोळ्या परस्पर बंद करू नका. माझा मोठा भाऊ याच त्रासातून गेला आहे, म्हणून हे कळकळीने सांगतो.

वर्णनावरून हा टार्डिव्ह डिस्कायनेशिया, म्हणजे अशी औषधे दीर्घकाळ घेतल्याने तोंडाच्या वा अंगाच्या आपोआप हालचाली होण्याचा विकार असावा, मात्र निदान तपासणीनंतरच होईल. हॅलोपेरिडॉलसारखी औषधे मेंदूतील डोपामाइन या संदेशवाहक रसायनाचे रिसेप्टर (ते रसायन ग्रहण करणाऱ्या जागा) अडवतात आणि दीर्घकाळ अडवलेले हे रिसेप्टर अतिसंवेदनशील होतात, असे या विकाराचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. त्यामुळे गोळी एकदम थांबवली तर हालचाली उलट वाढू शकतात, शिवाय मूळ आजार उलटण्याची भीती असतेच.

भावाला डॉक्टरांनी जीभ बाहेर काढून स्थिर ठेवायला सांगितली, तेव्हा ती आत-बाहेर होत राहिली. मग अंगठा एकेका बोटाला भराभर टेकवायला सांगून ते हाताकडे नव्हे, तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते, कारण लक्ष हाताकडे गेले की ओठांची आणि जबड्याची दबलेली हालचाल उघड होते. त्याला स्वतःला त्यातले काहीच जाणवत नव्हते. म्हणून आईला यावरून टोकू नका, ती हे मुद्दाम करत नाही.

हातांच्या कंपासाठी तिला ट्रायहेक्सिफेनिडिल दिले जात असेल, तर त्याबद्दल आवर्जून विचारा. औषधामुळे आलेल्या कंपाला ते उपयोगी पडते, पण या हालचाली त्याने वाढू शकतात. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइडही याच विकाराला कारण ठरू शकते, तेव्हा तेही सांगायला विसरू नका. पुढे डॉक्टर हॅलोपेरिडॉलची मात्रा हळूहळू कमी करतील, त्याऐवजी क्वेटियापिन किंवा क्लोझापिनसारखे औषध सुचवतील किंवा या हालचाली कमी करणाऱ्या टेट्राबेनाझिनचा विचार करतील. टेट्राबेनाझिनने नैराश्य येऊ शकते, त्यामुळे ते सुरू झाल्यास तिच्या मनःस्थितीकडे लक्ष ठेवावे लागेल. खास या विकारासाठी व्हॅल्बेनाझिन आणि ड्युटेट्राबेनाझिन या औषधांना अमेरिकेत 2017 साली मान्यता मिळाली. हालचाली पूर्ण थांबतीलच असे नाही, पण लवकर लक्ष दिल्यास सुधारणेची शक्यता अधिक असते.

भेटीला जाताना तिच्या हालचालींचे मोबाइलवरील चित्रण आणि आजवरच्या औषधांची तारखांसह यादी सोबत न्या. गिळताना ठसका लागू लागला किंवा श्वास घेणे जड जाऊ लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तिला लगेच रुग्णालयात न्या.