सहा वर्षं खरंच वाया गेली का?

प्रश्न: मी ३१ वर्षांचा, मूळचा परभणीकडचा. सहा वर्षं पुण्यात एमपीएससी करतोय, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, एकदा सात मार्कांनी राहिलं. आता पुस्तक उघडलं की डोक्यात एकच चालू, वर्षं वाया, घरच्यांचे पैसे वाया. गावी जायला तोंड नाही. काय करू?

उत्तर: अरे दादा, चार ओळींच्या पत्रात 'वाया' दोनदा आणि दोनदा मुख्य दिली हे मात्र असं उरकून टाकलंस जणू दुसऱ्याचीच गोष्ट. इथेच अडकलायस बघ, अभ्यासात नाही.

एक कर, रात्री रूमवरची लाईट बंद करायच्या आत वही घे आणि डोक्यात चाललंय ते १५ मिनिटं लिही, सलग चार दिवस. जेम्स पेनबेकर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८६च्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांकडून असंच मनातलं लिहून घेतलं होतं. लिहिल्यावर लगेच जरा जास्तच उदास वाटतं, घाबरू नकोस. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात (अभ्यासिकेत बसून लिहू नको, शेजारचा डोकावतो).

चौथ्या दिवशी 'मी' काढून 'तो' लिही. तो बॅग घेऊन स्वारगेटला उतरला, मेसचा डबा दोघात खाल्ला, पहिल्या मुख्यला काय चुकला, दुसऱ्यांदा काय सुधारलं, सगळं. मग वाच, त्याला तू वाया गेलेला म्हणशील का?

परीक्षा सोडायची की नाही ते त्यानंतर ठरव, आत्ता नको. आणि झोपच उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल तर वही राहू दे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, फुकट आहे.