‘सोतेर्न’ की ‘सॉटर्न्स’, आणि त्या बुरशीला म्हणायचं काय?

फ्रान्सच्या प्रवासावरचा एक लेख मराठीत आणणाऱ्या वाचकाने विचारलं आहे: बोर्दो शहराच्या आग्नेयेला गोड वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या छोट्या टापूचं नाव सॉटर्न्स लिहावं, सॉटर्न की सोतेर्न? ‘डेझर्ट वाइन’ला ‘गोड दारू’ चालेल का? आणि तिथल्या द्राक्षांवर बुरशीने येणारी, वाइन गोड करणारी कूज म्हणजे ‘नोबल रॉट’, तिला ‘उदात्त कूज’ म्हणायचं का?

नावापासून सुरू करतो. फ्रेंच उच्चारात पहिलं अक्षर ‘सो’ आहे आणि शेवटचा ‘स’ मुका आहे. म्हणून ‘सोतेर्न’. ‘पॅरिस’ इंग्रजीच्या वाटेने आलं आणि रुळलं, ते आता बदलू नये. ‘सॉटर्न्स’ मात्र मराठीत अजून रुळलेलं नाही, तेव्हा मुळाजवळचं रूप घ्यायला काहीच अडचण नाही. शेजारच्या गावाचं नाव ‘बार्साक’, सोतेर्नमधल्या सर्वांत नावाजलेल्या मळ्याचं ‘शातो दिकेम’, मुख्य द्राक्षाचं ‘सेमियों’. लिंगाचं म्हणाल तर फ्रेंचमध्ये वाइन पुल्लिंगी आहे, आपल्याकडे ‘ती वाइन’. त्यामुळे ‘सोतेर्न उघडली’, ‘जुनी सोतेर्न’ असंच लिहावं. गावाच्या नावावरून मद्याचं नाव पाडण्याची रीत आपल्याला परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षाच्या रसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटलं आहे आणि प्रदेशावरून त्याची ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ ही नावं दिली आहेत.

‘गोड दारू’ नको. ‘दारू’ म्हटल्यावर मराठी वाचकाला जे आठवतं, त्याचा इथे संबंध नाही. ‘द्राक्षासव’ वाचलं की औषधाची बाटली समोर येते. ‘वाइन’ हाच शब्द ठेवावा. पण नुसतं ‘गोड वाइन’ लिहिलं तर अनेकांना गोव्याची पोर्ट आठवेल, आणि खऱ्या पोर्टची कृती वेगळी आहे. रस आंबत असताना त्यात द्राक्षाचा कडक मद्यार्क ओततात, त्यामुळे आंबणं थांबतं आणि साखर शिल्लक राहते. सोतेर्नमध्ये बाहेरून मद्यार्क घालत नाहीत. रसच इतका दाट गोड असतो की यीस्टला सगळी साखर संपवता येत नाही. फ्रेंच लोक अशा वाइनला ‘लिकोरो’ म्हणतात. ‘डेझर्ट वाइन’ हे इंग्रजीतलं वर्गीकरण आहे. बोर्दोकडे सोतेर्न जेवणाच्या सुरुवातीला फ्वा ग्राबरोबर (बदकाच्या किंवा हंसाच्या यकृताचा पदार्थ) किंवा शेवटी रोकफोर चीजबरोबरही घेतात. त्यामुळे ‘जेवणानंतरची’ किंवा ‘मिष्टान्नाची’ असा अनुवाद केला, तर वाचकाला चुकीची माहिती जाईल. मी ‘दाट गोड वाइन’ लिहीन. ‘पांढरी’ हे विशेषणही जपून वापरावं. वर्गाने ती व्हाइट वाइन आहे खरी, पण रंगाने सोनेरी असते आणि जुनी होत जाईल तशी काळपट मधासारखी दिसते.

आता बुरशी. खरा पेच इथेच आहे. बुरशीचं शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया. पहिल्या शब्दाचं मूळ ग्रीकमधला द्राक्षांचा घड, दुसऱ्याचा अर्थ राखेच्या रंगाची. सिरों नावाची थंड पाण्याची लहानशी नदी इथे गारोनला मिळते. शरद ऋतूत त्यामुळे पहाटे धुकं दाटतं आणि दुपारी ऊन पडतं. धुक्यात बुरशी पिकलेल्या मण्यांवर बसते आणि सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते. उन्हात त्यातून पाणी उडून जातं. मणी आधी तपकिरी-जांभळा होतो, मग सुरकुततो, वर राखाडी लव येते. आतली साखर आणि आंबटपणा एकवटतो, शिवाय जर्दाळू, मध, केशराची आठवण करून देणारा वास येतो. दुपारी ऊन पडलं नाही, पाऊस लागून राहिला, तर हीच बुरशी घड नासवते. त्याला फ्रेंचमध्ये ‘करडी कूज’ म्हणतात. २०१२ साली शातो दिकेमने आपल्या नावाची गोड वाइन काढलीच नाही.

म्हणजे दोन्ही कुजींमागे बुरशी एकच, फरक हवामानाचा. म्हणून ‘कुलीन कूज’ मला पटत नाही, कारण इथे कुळ वेगळं नाहीच. ‘उदात्त’ विचारांना आणि चारित्र्याला शोभतं, मण्याला नाही. ‘राजकूज’ वरवर छान वाटतं, पण ‘राजयक्ष्मा’ म्हणजे क्षय. रोगाला ‘राज’ जोडलं की मराठीत तो अधिक भयंकर होतो. मला ‘गोडकूज’ योग्य वाटतं. शब्द छोटा आहे, ‘करडी कूज’च्या शेजारी चपखल बसतो आणि मण्याचं काय होतं ते सांगतो.

एक शब्द तुम्ही विचारलेला नाही, पण लेखात येईलच. सगळे मणी एकदम गोडकुजत नाहीत. म्हणून मजूर कात्री घेऊन त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरतात आणि तयार झालेले तेवढेच मणी किंवा घडाचे तुकडे कापतात. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंतही हे चालतं. अशा प्रत्येक फेरीला फ्रेंचमध्ये ‘त्री’ म्हणतात. इथे ‘तोडणी’ किंवा ‘काढणी’ लिहू नका. विदर्भात कापसाची पहिली वेचणी, दुसरी वेचणी होते, तीच ही वेचणी. इतकं वेचूनही एका वेलीमागे दिकेममध्ये जेमतेम एक पेला वाइन होते, आणि किंमत का चढते ते वाचकाला या एका शब्दातून कळेल.

शेवटी एक सूचना. सोतेर्न, बार्साक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक या पाच गावांची वाइन ‘सोतेर्न’ नावाने विकता येते. त्यांपैकी बार्साकच्या उत्पादकांना ‘बार्साक’ किंवा ‘सोतेर्न’ यांतलं हवं ते नाव लावता येतं. त्यामुळे मूळ लेखात बार्साक असेल तर ती सोतेर्न करू नका, लेबलवर असेल तेच ठेवा.