ब्रॅडी ४३ व्या वर्षी सुधारला का?

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत शिकून परतल्यापासून सोमवारी पहाटे उठून तिथला फुटबॉल पाहतो. त्याचे म्हणणे असे की, टॉम ब्रॅडीने २०१९ मध्ये न्यू इंग्लंडकडून २४ टचडाउन पास (प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू पोचवून गुण मिळवून देणाऱ्या फेकी) दिले आणि संघ बदलताच २०२० मध्ये टँपा बेकडून ४० दिले. त्या अर्थी जुन्या संघानेच त्याला दाबून ठेवले होते. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. खेळातले मला फारसे कळत नाही, परंतु दोन आकड्यांवरून एवढा निष्कर्ष काढणे पटत नाही. हिशेब कसा मांडावा?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपण पत्रासोबत वहीचे जे पान पाठवले आहे, त्यावर २४ आणि ४० हे आकडे लाल शाईने गोल करून मधे बाण काढलेला आहे. आकडे दोन्ही बरोबर आहेत. शंका घ्यायची ती त्या बाणाची.

ब्रॅडी हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन तो कोणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवणारा खेळाडू. त्याच्या नावावर लागणाऱ्या प्रत्येक यार्डात (चेंडू जेवढा पुढे जातो त्या अंतरात) फेकणाऱ्याचा, झेलणाऱ्याचा, समोरून धावून येणाऱ्यांना थोपवून धरणाऱ्या पाच धिप्पाड गड्यांचा आणि डाव आखणाऱ्या प्रशिक्षकाचा वाटा असतो, पण खतावणीत जमा मात्र एकाच खात्यावर होते. आपण बँकेत होता, तेव्हा संयुक्त खात्यातली शिल्लक एकाच्या नावावर दाखवली तर काय होते हे आपणांस सांगायला नको.

पहिली दुरुस्ती सोपी आहे. एकूण बेरीज सोडून प्रत्येक फेकीमागचे प्रमाण काढावे. त्यासाठी १९७३ पासून पासर रेटिंग वापरात आहे. पूर्ण झालेल्या पासांचे प्रमाण, फेकीमागे मिळालेले यार्ड, टचडाउनचे प्रमाण आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या चेंडूंचे, म्हणजे इंटरसेप्शनचे, प्रमाण या चार गोष्टींपासून ते बनते आणि ते जास्तीत जास्त १५८.३ होऊ शकते. क्वार्टरबॅक चेंडूसह पाडला गेला तर त्याची नोंद त्यात होत नाही, हा त्याचा मोठा दोष. तरीही नुसत्या बेरजेपेक्षा ते बरे. ब्रॅडीचे रेटिंग २०१९ मध्ये ८८.० होते आणि २०२० मध्ये १०२.२ झाले. म्हणजे पुतण्याचा बाण अजून उभाच आहे.

खरी गफलत वर्षांच्या निवडीत आहे. अनुभवी खेळाडू बहुधा वाईट हंगामानंतरच संघ सोडतो. चांगला हंगाम झालेल्याला कोण जाऊ देईल? त्यामुळे जुन्या संघातले शेवटचे वर्ष आणि नव्या संघातले पहिले वर्ष समोरासमोर ठेवले की सुधारणा दिसणार, हे जवळजवळ ठरलेलेच असते. नीचांकानंतरचा आकडा सरासरीकडे परततो, त्यासाठी संघ बदलावाच लागतो असे नाही. म्हणून मी दोन्हीकडची तीन-तीन वर्षे घेतली. न्यू इंग्लंडमधील २०१७ ते २०१९ या हंगामांचे रेटिंग अनुक्रमे १०२.८, ९७.७ आणि ८८.०, टँपातील २०२० ते २०२२ चे १०२.२, १०२.१ आणि ९०.७. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून पाहा, मग आपणांस बाण काढावासा वाटणार नाही. तीन वर्षांची बेरीज करून रेटिंग पुन्हा काढले तर न्यू इंग्लंडचे ९६.० आणि टँपाचे ९८.१ येते. टचडाउन ८५ वरून १०८ वर गेले हे खरे, पण फेकीही १७६४ वरून २०६२ झाल्या. शंभर फेकींमागे पाहिले तर ही वाढ ४.८ वरून ५.२ एवढीच आहे. फेकीमागचे यार्ड तर ७.३६ वरून ७.१० वर घसरले. यात हंगाम २०२१ पासून सोळाऐवजी सतरा सामन्यांचा झाला, तेव्हा एकूण बेरजेवर विसंबण्यात आणखी एक खोट आहे.

एका हंगामाचा आकडा किती डळमळीत असतो, याचे मला आवडणारे उदाहरण ब्रेट फार्व्ह या दुसऱ्या क्वार्टरबॅकचे आहे. ग्रीन बेमधील शेवटच्या, २००७ च्या हंगामात त्याचे रेटिंग ९५.७ होते. २००८ मध्ये तो न्यूयॉर्क जेट्सकडे गेला, तिथे खांद्याजवळचा स्नायू दुखावला आणि ते ८१.० वर आले. २००९ मध्ये मिनेसोटाकडून, वयाच्या चाळिशीत, ते १०७.२ झाले, त्याच्या सबंध कारकिर्दीतला हा सर्वोत्तम आकडा. पुढच्या वर्षी, त्याच मिनेसोटाकडून, ६९.९. एकाच संघात राहून आकडा ३७ गुणांनी खाली येऊ शकतो, तर संघ बदलल्यावर दिसलेल्या १४ गुणांच्या फरकाला किती महत्त्व द्यायचे?

मग संघाचा वाटा अजिबात वेगळा करता येत नाही काय? काही अंशी येतो, आणि त्यासाठी ब्रॅडीपेक्षा त्याच्या आधी-नंतर त्याच जागी उभे राहिलेल्यांकडे पाहावे. टँपात २०१९ मध्ये त्याच प्रशिक्षकाखाली, माइक इव्हान्स आणि ख्रिस गॉडविन हेच मुख्य झेलणारे असताना, जेमिस विन्स्टनने ३३ टचडाउन आणि ३० इंटरसेप्शन दिले होते, रेटिंग ८४.३. फेकीमागचे त्याचे यार्ड ८.१६ होते, तर ब्रॅडीचे पुढच्या वर्षी ७.६०. ब्रॅडीने तिथे नेमके काय बदलले ते यातून दिसते : चेंडू कमी लांब गेला, पण तो शत्रूच्या हाती ३० ऐवजी १२ वेळाच पडला. तिकडे न्यू इंग्लंडमध्ये त्याच्या जागी आलेल्या कॅम न्यूटनचे २०२० चे रेटिंग ८२.९ होते, म्हणजे ब्रॅडीच्या पडत्या वर्षापेक्षाही कमी. २०१९ मध्ये ब्रॅडीचा न्यू इंग्लंडमधील झेलणारा सहकारी रॉब ग्रॉन्कॉव्स्की निवृत्त होऊन घरी बसला होता आणि २०२० मध्ये तो टँपात ब्रॅडीच्या मदतीला परतला, हेही पुतण्याला विचारावे. माझे मत असे की माणूस जवळपास तोच राहिला आणि भोवतीची माणसे बदलली.

हे आपल्याला नवे वाटू नये. वसीम जाफरने रणजीच्या २००८-०९ च्या हंगामात मुंबईकडून १२६० धावा केल्या आणि २०१८-१९ मध्ये, वयाची चाळिशी पूर्ण झाल्यावर, आपल्या विदर्भाकडून १०३७. नागपूरजवळच्या जामठ्याला अंतिम सामना पाहायला गेलेल्यांपैकी कोणी त्याला २२३ धावांनी उणा ठरवले नाही. त्याच मोसमात सिक्कीमकडून मिलिंद कुमारने १३३१ धावा केल्या, पण त्या प्लेट गटात, नव्याने दाखल झालेल्या संघांविरुद्ध. समोर कोण होते हे लिहिल्यावाचून धावांचा आकडा पुरा होत नाही.

प्रश्न : एवढ्या किचकट हिशेबापेक्षा संघ जिंकला की नाही, हेच क्वार्टरबॅकचे मोजमाप का मानू नये?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकमुळे. इंडियानापोलिस सोडून डेन्व्हरकडे आल्यावर २०१३ मध्ये त्याने ५५ टचडाउन पासांचा विक्रम केला आणि संघ सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, हरला. २०१५ मध्ये त्याचे ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन होते, रेटिंग ६७.९, आणि डेन्व्हर विजेता ठरला. अंतिम सामन्याचा मानकरी होता व्हॉन मिलर, जो बचावात खेळतो. त्याच मोसमात १५ नोव्हेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध मॅनिंगने फार्व्हचा कारकिर्दीतील एकूण यार्डांचा विक्रम मोडला, आणि त्याच सामन्यात २० पैकी ५ पास पूर्ण व ४ इंटरसेप्शन झाल्यावर त्याला बाकावर बसवण्यात आले. त्या दिवशीचे त्याचे रेटिंग ०.० होते.