शोभिवंत माशांसाठी घरच्या घरी जिवंत खाद्य

प्रश्न (गुहागर तालुका): आमच्या बचत गटाने गप्पी आणि फायटर मासे पाळलेत. विकतचे ट्युबिफेक्स (गाळात राहणारे बारीक लाल जंत) घातले की मासे मरायला लागतात. घरी व्हाइट वर्म (माशांना खाऊ घालायचे बारीक पांढरे जंत) वाढवता येतील का?

उत्तर: ताई, आधी ट्युबिफेक्स बंद करा. ते बहुधा सांडपाण्याच्या गाळातून काढलेले असतात. कितीही धुतले तरी पोटातली घाण आणि रोगजंतू टाकीत येण्याची भीती राहतेच.

व्हाइट वर्मचा नाद मात्र नको. त्यांना 15 ते 20 अंशांचा गारवा लागतो, तो किनारपट्टीवर फ्रिजशिवाय मिळायचा नाही. त्यांच्याच जातकुळीतले ग्रिंडल वर्म घ्या. लांबी जेमतेम 1 सेंटिमीटर, त्यामुळे गप्पीलाही सहज खाता येतात, आणि आपल्या हवेत ते चांगले वाढतात.

झाकणाच्या प्लास्टिक डब्यात काथ्याचा भुसा अर्धा भरा. आपल्याकडे नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवतात, म्हणून भुशात मीठ असतं. चार-पाच पाण्यांनी धुवा, मग त्यावर उकळतं पाणी ओता, म्हणजे त्यातले कोळीकीटक मरतील. भुसा गार झाला की मुठीत दाबून पाहा: एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. झाकणाला भोकं पाडून आतून मलमलचं कापड चिकटवा. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या परातीत ठेवा.

बियाणं म्हणून चमचाभर वर्म सोडा. वर चिमूटभर ओट्सचं पीठ भुरभुरून पाणी शिंपडा आणि काचेचा तुकडा ठेवा. पीठ दुसऱ्या दिवशी उरलं तर काढून टाका. बहुतेक डबे भुकेने नाही, जास्तीच्या पिठाने आंबून बिघडतात. तीन-चार आठवड्यांत काचेखाली पांढऱ्या वर्मचे पुंजके दिसतील. काच वाटीभर पाण्यात खळबळली की खाद्य तयार. यात चरबी जास्त असते, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदाच द्या, एरवी नेहमीचं कोरडं खाद्य चालू ठेवा.

फायटरच्या नुकत्या पोहू लागलेल्या पिल्लांना मात्र हे वर्म मोठे पडतात. त्यांच्यासाठी ओट्सच्या घट्ट पेजेवर चिमूटभर यीस्ट आणि थोडं विरजण टाकून मायक्रोवर्म (याहून कितीतरी बारीक जंत) वाढवा. काही दिवसांत ते डब्याच्या भिंतीवर चढतात, बोटाने पुसून घ्यायचे. पेज पातळ होऊन वास मारू लागली की नव्या डब्यात विरजण लावा.

एप्रिल-मेमध्ये डबे माजघरात, जमिनीवर ठेवा. ग्रिंडलचे दोन डबे वेगवेगळ्या खोल्यांत असू द्या, एकात कोळीकीटक शिरले तरी दुसऱ्यातलं बियाणं हाताशी राहील.