भूल देताना जबाबदारी कुणाची? वाचकांचे प्रश्न

आईचं ऑपरेशन आहे. भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन निघून जातात आणि पुढचं सगळं नर्सच बघतात, असं ऐकलं. खरं का?

असं होता कामा नये. भूल उतरेपर्यंत भूल देण्याचं पूर्ण शिक्षण घेतलेली व्यक्ती रुग्णापाशी सतत हवी. बहुतेक ठिकाणी ती भूलतज्ज्ञ डॉक्टर असते. अमेरिकेसारख्या काही देशांत त्यासाठी खास शिकलेल्या नर्सही भूल देतात. थिएटरमधल्या इतर नर्स औषधं, उपकरणं तयार ठेवतात आणि अडचणीत हाताशी असतात. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यांच्यासोबत उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही मोजला जातो का, हे जरूर विचारा. श्वासासाठी घातलेली नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तर ऑक्सिमीटरचा आकडा काही मिनिटं चांगलाच दिसू शकतो. कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजे कॅप्नोग्राफवर, ती चूक काही श्वासांतच कळते.

नाव काय, ऑपरेशन कुठल्या बाजूचं, ॲलर्जी आहे का, हे तीन-तीन जण विचारतात. एकमेकांशी बोलत नाहीत का?

बोलतात, आणि तरीही विचारतात, कारण प्रत्येकाने स्वतः खात्री करायची असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी आणली. तिचा पहिला टप्पा भूल देण्याआधीचा, आणि तो निदान नर्स व भूलतज्ज्ञ या दोघांनी मिळून पूर्ण करायचा असतो. श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाईल का, मोठा रक्तस्राव होण्याची शक्यता आहे का, हे त्यात येतं. ‘मघाशी सांगितलं ना’ असं म्हणू नका, पुन्हा सांगा.

मी थिएटरमध्ये नर्स आहे. डॉक्टरांचं काही चुकतंय असं वाटलं तर कसं बोलू? उद्धटपणा वाटेल याची भीती वाटते.

हा प्रश्न विचारलात याचं मला फार मोल वाटतं. 2005 मध्ये इंग्लंडमध्ये एका तरुण स्त्रीला सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी भूल दिली गेली. तिचा श्वासमार्ग सांभाळता येईना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचे प्रयत्न करत राहिले. गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याचं साहित्य एका नर्सने आणून ठेवलं होतं, पण ते वापरलं गेलं नाही. ती स्त्री वाचली नाही. काय करायला हवं हे खोलीतल्या काही नर्सना उमगलं होतं. ते डॉक्टरांपर्यंत कसं पोहोचवावं हे कळत नव्हतं. तिचे पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक. विमानात सहवैमानिकाने कॅप्टनला टोकणं हा कामाचाच भाग असतो. रुग्णालयांतही तसं व्हावं म्हणून ते पुढे वर्षानुवर्षं झटले.

तेव्हा सूचक बोलू नका. ‘ऑक्सिजन जरा कमी वाटतोय का?’ याऐवजी ‘सर, सॅच्युरेशन 80 आहे, नळी जात नाहीये, मी दुसऱ्या भूलतज्ज्ञांना बोलावते’ असं आकड्यासह सांगा. उत्तर आलं नाही तर आवाज चढवून पुन्हा सांगा. आणि भूलतज्ज्ञांनो, ऑपरेशनआधी ‘काही खटकलं तर मला थांबवा’ असं तुम्ही स्वतः म्हणा. नर्सच्या एकटीच्या धैर्यावर हे सोडणं मला अन्यायाचं वाटतं.

सकाळी चहाचे दोन घोट घेतले तर चालतात का?

दुधाचा चहा नाही. सर्वसाधारणपणे हलकं खाणं आणि दूध 6 तास आधी बंद, पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या डॉक्टरांची सूचना वेगळी असेल तर तीच पाळा. चुकून घेतलाच असेल तर समोर जी नर्स असेल तिला लगेच सांगा. भुलेत पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं.

ऑपरेशननंतर वडिलांना ऑक्सिजन लावला होता, आकडा 98 होता, तरी नर्स सारखा श्वास मोजत होत्या. का?

त्या अगदी योग्य करत होत्या. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांनी श्वास मंदावतो, पण वरून ऑक्सिजन चालू असला की आकडा बराच वेळ चांगला राहतो. म्हणून रुग्णाला रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर लक्ष ठेवतात त्या खोलीत, सोपवताना कोणतं वेदनाशामक, किती आणि कधी दिलं हे भूलतज्ज्ञाने नर्सला तोंडी आणि लेखी सांगायलाच हवं. वॉर्डात तुम्ही जवळ असाल आणि घोरणं मध्येच थांबतंय किंवा हाक मारूनही ते जागे होत नाहीत असं दिसलं, तर गाढ झोप लागली असेल म्हणून वाट बघू नका, नर्सला बोलवा.